उजळणी की नामकरण? इंग्रजीच्या तासातले व्याकरण, गोष्ट आणि अलंकार



आजचा विषय वरवर पाहता फार साधा आहे. परीक्षा जवळ आली की इंग्रजीच्या तासाला जी उजळणी घेतली जाते, तिच्याबद्दल आपण बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने शाळेतल्या इंग्रजीत का नाक खुपसावे, असे कुणाला वाटेल. पण संज्ञा कशाला म्हणायचे, व्याख्या कशी करायची, वर्गीकरणाने ज्ञान वाढते की फक्त कपाट लागते, हे तत्त्वज्ञानाचे जुने प्रश्न आहेत. आणि ते आज सर्वांत जास्त कुठे भेटत असतील, तर शाळेच्या उजळणीच्या कागदावर.

हा कागद आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. आपला नाही, तर मुलांचा, नातवंडांचा. त्याचे तीन भाग असतात. पहिला व्याकरणाचा: पार्ट्स ऑफ स्पीच, काळ, व्हॉइस, अधोरेखित शब्दाची जात ओळखा. दुसरा गोष्टीचा: कॅरॅक्टर, सेटिंग, प्लॉट, कॉन्फ्लिक्ट, थीम, आणि प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. तिसरा अलंकारांचा: सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, अलिटरेशन. ओळ वाचा, अलंकाराचे नाव लिहा. कागद कुठल्या शाळेचा, कुठल्या प्रकाशनाचा, याने फार फरक पडत नाही. साचा एकच.

आमची टीका या साच्यावर आहे, शिक्षकांवर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण साठ मुलांच्या वर्गात चाळीस मिनिटांत उजळणी घेणे म्हणजे काय, याची कल्पना आम्हाला आहे. टीका एका वाक्यात सांगायची तर अशी: या कागदावरचा प्रत्येक प्रश्न 'हे काय आहे?' असा आहे. 'हे इथे काय करते?' हा प्रश्न त्यात नाही. आणि भाषा शिकण्याचा जवळजवळ सगळा ऐवज त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 साली आपल्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एक भेद मांडला. एखादी गोष्ट अमुक आहे हे जाणणे वेगळे आणि ती गोष्ट करता येणे वेगळे. पोहण्यावरचे पुस्तक पाठ असलेला माणूस विहिरीत पडला तर काय होईल, ते सांगायला राइल कशाला पाहिजे? पण आपली उजळणी पहिल्या प्रकारच्या ज्ञानाची परीक्षा घेते आणि दुसऱ्या प्रकारचे ज्ञान आपोआप येईल अशी आशा धरते.

आता एकेक भाग घेऊ. पहिला व्याकरणाचा.

शब्दांच्या जाती आठ, हे मुलांना असे सांगितले जाते की जणू आठवड्याचे दिवस सात. पण या आठाचा इतिहास बघा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वैयाकरण डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर जो छोटा ग्रंथ आहे, त्यात आठ जाती आहेत. पण त्या आपल्या आठ नव्हेत. त्यात विशेषण वेगळे नाही, ते नामातच धरलेले. धातुसाधिताला मात्र वेगळी जागा आहे आणि आर्टिकललाही. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही. मग रोमन वैयाकरणांनी काय केले? ते काढले आणि केवलप्रयोगी घातले. आठाचा आकडा कायम राहिला! लिंडली मरे याचे 1795 चे इंग्रजी व्याकरण पुढे शाळाशाळांत गेले, त्यात आर्टिकल धरून नऊ जाती आहेत. आणि आपल्याकडे? यास्काने पदे चार प्रकारची मानली: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीचे काम मुळात दोहोंवर चालते, सुबन्त आणि तिङन्त.

मग मराठीत नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये, अशा नेमक्या इंग्रजीच्याच आठ जाती कशा आल्या? त्या आल्या एकोणिसाव्या शतकात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. त्या काळाच्या व्याकरणकारांपुढे इंग्रजीची चौकट होती आणि तिच्यात मराठी बसवली गेली. हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही, पायाभूत काम होते ते. म्हणायचे इतकेच की ही आठ नावे निसर्गाने दिलेली नाहीत. कुणीतरी, कुठल्यातरी कामासाठी केलेली आहेत. काम विसरून नावेच पाठ करायची, तर ती ओझे होतात.

नाम म्हणजे व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाण यांचे नाव, ही व्याख्या घ्या. 'रेड' हे रंगाचे नाव आहे, मग ते नाम का नाही? 'अरायव्हल' म्हणजे येणे. ती तर क्रिया झाली. मग ते क्रियापद का नाही? प्रामाणिक मुलाला हे प्रश्न पडतात, आणि तो गप्प बसतो. कारण व्याख्या अर्थावर बेतलेली आहे आणि जात ठरते वाक्यातल्या वागणुकीवरून. 'राउंड' हा एकच शब्द इंग्रजीत नाम होतो, विशेषण होतो, क्रियापद होतो, शब्दयोगीही होतो. शब्दाला जात चिकटलेली नसते. तो कुठल्या जागेवर उभा आहे त्यावरून ती कळते.

मुलांना हे समजत नाही असे समजू नका. एक प्रयोग करून बघा. चौथीतल्या मुलाला हे वाक्य ऐकवा: 'टिमकुल्या भुरंग्याने सगळी गुमटुली झुरपली.' यातला 'सगळी' सोडला तर एकाही शब्दाला अर्थ नाही. आता विचारा, कुणी झुरपली? भुरंग्याने. काय झुरपलं? गुमटुली. किती? सगळी. भुरंगा कसा होता? टिमकुला. पोराने अर्थ न कळता सगळे व्याकरण सोडवले. नाम, विशेषण, कर्ता, कर्म यांतले एकही नाव न घेता. त्याला कर्ता सापडला तो 'ने'मुळे. म्हणजे व्याकरण त्याच्याकडे आहेच, ते आपण त्याला दाखवून द्यायचे आहे.

आणि इथेच इंग्रजीच्या तासाची खरी गोष्ट सुरू होते. मराठीत 'रामाने सीतेला पाहिले' म्हणा किंवा 'सीतेला रामाने पाहिले' म्हणा, पाहणारा रामच. 'ने' आणि 'ला' राखण करत असतात. इंग्रजीत 'राम सॉ सीता' आणि 'सीता सॉ राम' यांत पाहणारा बदलला. शब्द तेच, जागा बदलल्या. जे काम मराठीत प्रत्यय करतात, त्यातले बरेचसे इंग्रजीत शब्दाची जागा करते. मराठी घरातल्या मुलाला इंग्रजी व्याकरणाबद्दल एकच वाक्य सांगायची परवानगी असेल, तर आम्ही हे सांगू. आता उजळणीच्या कागदावर हे वाक्य शोधा. सापडत नाही. कारण तो कागद नावांचा आहे आणि 'जागा' हे काही शब्दाच्या जातीचे नाव नाही.

व्हॉइसचे तसेच. 'राम एट अ मँगो' याचे पॅसिव्ह करा. उत्तर: 'अ मँगो वॉज ईटन बाय राम'. पूर्ण गुण. पण हे वाक्य कोण, कुणाला, कशासाठी म्हणेल? त्यात मराठी मुलापुढे एक खास अडचण. मराठी व्याकरणाच्या तासाला तो शिकून आलेला असतो की 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. आणि याच वाक्याचे सरळ इंग्रजी मात्र ॲक्टिव्ह होते. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असे समीकरण मनात धरून बसलेले मूल इथे गोंधळते, आणि दोन्ही तासांना मिळून हा गोंधळ कुणी सोडवत नाही. मराठीचा तास वेगळा, इंग्रजीचा वेगळा.

पॅसिव्ह कशासाठी असते? करणारा माहीत नसतो, किंवा महत्त्वाचा नसतो, किंवा, आणि हे नीट ऐका, त्याला पुढे यायचे नसते. 'निर्णय घेण्यात आला आहे.' 'अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' कुणी घेतला? कुणी केला? सरकारी मराठीत ही रचना आपल्या रोजच्या ओळखीची आहे, आणि इंग्रजी नोटिशीत हेच काम पॅसिव्ह करते. 'बाय' आणि पुढचे नाव गाळले की जबाबदार माणूस वाक्यातून निघून जातो. ज्या मुलाला हे दिसले, त्याला पॅसिव्ह आले. ज्याला फक्त कर्ता-कर्माची अदलाबदल करता येते, त्याला एक गणिती कसरत आली.

असेच 'अनलेस'चे. 'इफ' आणि 'नॉट' असलेल्या वाक्याचे 'अनलेस' घालून रूपांतर करा, हा नेहमीचा प्रश्न. मुले तो बिनचूक सोडवतात. मग कॉलेजात गेल्यावर सूचनाफलकावर 'अनलेस' येते, अमुक तारखेपर्यंत फी भरली नाही तर प्रवेश रद्द अशा आशयाची सूचना असते, आणि वाचणारा 'अनलेस'वरून नजर पुढे सरकवतो. वाक्य नेमके उलटे कळते. रूपांतर करता येत होते. वाचता येत नव्हते.

आता दुसरा भाग, गोष्टीचा.

तहानलेल्या कावळ्याची इसापाची गोष्ट घेऊ. ती सगळ्यांना येते. कागदावरचे चौकोन असे भरले जातात. कॅरॅक्टर: कावळा. सेटिंग: उन्हाळ्याचा दिवस. कॉन्फ्लिक्ट: पाणी खोल आहे. सोल्यूशन: खडे. थीम: गरज ही शोधाची जननी. पाच चौकोन, पाच बरोबर उत्तरे. आणि गोष्ट? गोष्ट जागच्या जागी मेली.

त्याऐवजी एकेक वस्तू काढून बघा. ऊन काढा. कावळा दुसरीकडे जाऊन पाणी पिईल, गोष्ट संपली. म्हणजे ऊन हा मागे लावलेला पडदा नव्हे, ते गोष्टीचे कारण आहे. कावळ्याच्या जागी हत्ती घाला. सोंड घातली, पाणी प्यायला, गोष्ट संपली. म्हणजे पात्र म्हणजे नुसते नाव नव्हे. चोच किती लांब, अंगात बळ किती, यावर सगळे अडलेले आहे. आता खडे एकेक टाकण्याऐवजी कावळ्याने एकच मोठा दगड टाकला आणि पाणी वर आले असे करा. गोष्ट चालते, पण बदलली. आधी तिच्यात चिकाटी होती, आता फक्त युक्ती उरली. थीम कुठे राहते हे आता कळले. एकेका खड्यात राहते. ती शेवटच्या चौकोनात राहत नाही.

ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये शोकांतिकेचे सहा घटक सांगितले आणि त्यांत कथानकाला पहिला मान दिला. कथानक म्हणजे त्याच्या लेखी घटनांची जुळणी, एकीतून दुसरी निघणे. 'पाऊस पडला, मग शाळा सुटली' आणि 'पाऊस पडला म्हणून शाळा सुटली' यांतला फरक तो हाच. ई. एम. फॉर्स्टरने 1927 मध्ये कादंबरीवरच्या आपल्या व्याख्यानांत स्टोरी आणि प्लॉट यांचा भेद याच धर्तीवर केला. तेव्हा मूळ कल्पना कामाची होती. शाळेत येता येता ती खणाची झाली.

त्या कागदावर हल्ली एक डोंगरही काढलेला असतो. चढ, शिखर, उतार. गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 साली नाटकाच्या तंत्रावर पुस्तक लिहिले, त्यातला हा त्रिकोण. तो नाटकासाठी होता, मुख्यतः शोकांतिका डोळ्यांपुढे ठेवून काढलेला. आता तो प्रत्येक गोष्टीवर बसवतात. आमचा प्रश्न असा: चिऊ-काऊची गोष्ट या डोंगरावर कुठे बसवाल? काऊ दारात भिजतोय, दार उघड म्हणतोय, आणि चिऊ दर वेळी बाळाचे एक नवे काम पुढे करून त्याला थांबवते. ऐकणारे पोर त्या थांबवण्यातच रंगलेले असते. पुन्हा तेच, पुन्हा थोडे वेगळे. त्रिकोणात या सगळ्याला एकच नाव, चढ. म्हणजे गोष्टीचा जो जीव, त्याला चौकटीत जागाच नाही.

आपल्या नाट्यशास्त्रात कथावस्तूचे पाच संधी आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. तेही वर्गीकरणच आहे, आणि पाठ करायला घेतले तर तितकेच कंटाळवाणे होऊ शकते. पण त्यामागची कल्पना बीजाची आहे. आरंभी टाकलेले लहानसे बीज दिसते, दिसेनासे होते, गर्भात जाते, संकटात सापडते आणि शेवटी फळते. एकाच गोष्टीचे पुढे काय होत गेले, याची ही नावे. ती क्रम सांगतात आणि कामही सांगतात. 'या गोष्टीचे बी कुठे पडले?' असे इंग्रजीच्या तासाला विचारून बघा. कावळ्याच्या गोष्टीत बी तहान आहे, हे पाचवीतले मूल सांगेल.

तिसरा भाग अलंकारांचा. इथे नामकरणाचा कारखाना सर्वांत जोरात चालतो.

नियम असा: 'लाइक' किंवा 'ॲज' दिसले की सिमिली. न दिसता तुलना असली की मेटाफर. ज्या मुलाच्या हातात एवढाच नियम दिला आहे, त्याने 'आय लाइक मँगोज' याखाली सिमिली लिहिले, तर दोष त्याचा नाही. पण त्याहून खोलातली अडचण बघा. 'ती आईएवढी उंच आहे' आणि 'ती ताडाएवढी उंच आहे'. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'ॲज टॉल ॲज' येईल. पहिले वाक्य माहिती देते. दुसरे काहीतरी करते, चिडवते, अचंबा दाखवते. सिमिली फक्त दुसऱ्यात आहे. नियम मात्र दोन्हीकडे सारखाच बोट दाखवतो.

हा भेद आपल्याकडे फार स्पष्ट होता. गवय हा गाईसारखा असतो, असे कुणी सांगितले. रानात तसा प्राणी दिसला. हाच तो गवय, असे ज्ञान झाले. नैयायिकांच्या मते हे उपमान, ज्ञानाचे एक साधन. आणि आलंकारिक म्हणतात, बरोबर, पण म्हणूनच हा उपमा अलंकार नव्हे. त्यात सादृश्य आहे, चमत्कृती नाही. म्हणजे 'सारखा' हा शब्द असूनही अलंकार नसू शकतो, हे आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच सांगून ठेवले. उपमेचे अवयवही त्यांनी चार मानले: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द. त्यातला चौथा, 'सारखा' हा वाचक शब्द, गाळलेला असू शकतो. आपल्या उजळणीत नेमका तोच चौथा अवयव तेवढा उरला आहे आणि बाकीचे तीन गळाले.

मेटाफरचे उत्तर तर ठरलेले असते: 'येथे अमक्याची तमक्याशी तुलना केली आहे.' बरं, केली. मग? आपल्या मीमांसकांनी आणि आलंकारिकांनी लक्षणेसाठी तीन गोष्टी सांगितल्या. सरळ अर्थाला अडथळा यायला हवा. त्या अर्थाशी काही संबंध हवा. आणि रूढी तरी हवी, नाही तर प्रयोजन. त्यांचे नेहमीचे उदाहरण गंगेवरच्या गौळवाड्याचे. वाडा प्रवाहावर कसा असेल? म्हणून 'काठावर' हा अर्थ घ्यायचा. पण मग सरळ 'काठावर' का म्हटले नाही? कारण 'गंगेवर' म्हटल्याने तिथला गारवा, तिथले पावित्र्य वाड्यापर्यंत पोचते. 'काठावर' म्हटले असते तर ते वाटेतच राहिले असते. हा तिसरा प्रश्न, सरळ का म्हटले नाही, हा अलंकाराच्या अभ्यासाचा गाभा आहे. 'द क्लासरूम वॉज अ झू' या वाक्याखाली मेटाफर लिहिणे हा अभ्यास नव्हे. 'द क्लासरूम वॉज नॉइझी' असे करून बघा आणि काय गेले ते सांगा. आवाज राहिला. पिंजरे गेले. पोरांना जनावरे म्हणणारी ती नजर गेली, आणि ती नजर कुणाची, हा प्रश्नही गेला.

आणि अलंकार फक्त कवितेत असतात हा समजही या कागदानेच पसरवला. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 मध्ये दाखवून दिले की रोजचे बोलणे रूपकांवर चालते. इंग्रजीत वेळ खर्च होतो, वाचतो, गुंतवला जातो, जणू पैसाच. मराठीतही आपण वेळ वाया घालवतोच. भूक लागली की आपल्या पोटात कावळे ओरडतात. हे शब्दशः इंग्रजीत नेले तर ऐकणारा घाबरेल. ते का नेता येत नाही, आणि काय म्हटले म्हणजे तेच काम होईल, यावर दहा मिनिटे बोलले तर मुलांना दोन्ही भाषांचे काहीतरी कळेल.

एव्हाना तुमच्या लक्षात आले असेल की तिन्ही भागांत आपण एकच गोष्ट करत होतो. काढून बघा, बदलून बघा, मग काय गेले आणि काय राहिले ते सांगा. याला आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात. पतंजलीने महाभाष्यात धातूचा अर्थ कुठला आणि प्रत्ययाचा कुठला हे याच रीतीने वेगळे केले. 'पचति' आणि 'पठति' शेजारी ठेवा. शिजवणे गेले, वाचणे आले. करणारा एक आणि काळ वर्तमान, हे तसेच राहिले. जे बदलले ते धातूचे, जे राहिले ते प्रत्ययाचे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही रीत आहे. तिला खडू-फळा सोडून काही लागत नाही.

आता दोन आक्षेप. पहिला असा की नावे नकोत, असे तुमचे म्हणणे आहे का? अजिबात नाही. अष्टाध्यायीचे पहिले सूत्रच संज्ञासूत्र आहे. पण पाणिनीच्या संज्ञा बघा. टि, घु, घि. यांना स्वतःचा काही अर्थच नाही. त्या केल्या कारण पुढच्या नियमांत त्यांचे काम आहे. नाव म्हणजे भांड्याची मूठ. उचलायला हवीच. पण वर्षभर मुठीच मोजल्या आणि भांड्यात काय शिजले हे कुणी पाहिलेच नाही, तर जेवण कुठून मिळणार? काम आधी दिसू द्या, मग नाव द्या. तसे दिलेले नाव पाठ करावे लागत नाही.

दुसरा आक्षेप तपासणीचा. नावाचे उत्तर एका नजरेत तपासता येते, 'काय गेले ते सांगा' कसे तपासणार? आक्षेप खरा आहे, आणि तो शिक्षकांचा आहे म्हणून त्याला वजन आहे. पण एका गुणाचे प्रश्नही वेगळे करता येतात. दोन वाक्ये द्या, एक 'बाय'सकट, एक 'बाय' गाळून, आणि विचारा, कोणत्या वाक्यावरून जबाबदार कोण हे कळते? 'अनलेस'ची सूचना द्या आणि विचारा, फी भरली तर प्रवेश राहील की जाईल? 'लाइक' असलेली तीन वाक्ये द्या आणि विचारा, यातले कोणते नुसती माहिती देत नाही? उत्तर एका शब्दाचे, तपासणी एका नजरेची. बदलायचा आहे तो फक्त प्रश्न.

आणि तो बदलणे निकडीचे का आहे, हे सांगून संपवतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे. ज्या घरात इंग्रजी बोलले जाते, तिथल्या मुलाला या कागदाने फार नुकसान होत नाही. शब्द वाक्यात काय करतात हे तो घरी ऐकतच असतो, शाळेत त्याला फक्त नावे मिळतात. ज्या मुलीच्या घरात इंग्रजी फक्त दप्तरातून येते, तिच्याजवळ इंग्रजीचा तास सोडून दुसरी जागा नाही. त्या तासाला आपण तिला नावे देतो, ती मन लावून पाठ करते, गुणही मिळवते, आणि दहा वर्षांनी एका साध्या अर्जापुढे अडते. तिला वाटते आपली बुद्धी कमी पडली. प्रत्यक्षात तिला जे हवे होते ते उजळणीच्या कागदावर कधी नव्हतेच.

उजळणी या शब्दात उजळणे आहे. झाकलेले होते ते लख्ख दिसायला लागणे. येत्या परीक्षेआधी आपल्यापैकी कुणी घरात मुलांची उजळणी घेणार असेल, तर त्या कागदावरच्या कुठल्याही एका वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, यातला हा शब्द काढला तर काय बिघडेल? मूल आधी तुमच्याकडे बघेल, कारण हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो. त्याला वेळ द्या. उत्तर बहुधा मराठीत येईल. येऊ द्या.

आम्ही इथे थांबतो.